वेशीवरचे रखवालदार



या महिन्यात ज्यांना ज्यांना सर्दी झाली, त्यांनी हात वर करा पाहू! मला इथून दिसत नाही, पण बरेच हात वर झाले असणार. आता दुसरा प्रश्न. शेजारी बसणारा मित्र दिवसभर शिंकत होता आणि तरीही ज्यांना सर्दी झाली नाही, त्यांनी हात वर करा. बघा, हेही हात काही कमी नाहीत!

मग शिंकेबरोबर उडालेले विषाणू गेले कुठे? तुमच्या नाकात शिरलेच नाहीत का? शिरले तर! पण पुढे त्यांना कोणीतरी अडवलं. कोणी अडवलं, ते आज पाहायचं आहे. त्याआधी मात्र मला माझी एक चूक तुम्हाला सांगायची आहे.

सरांची चूक

गोष्ट २०१८ सालच्या नोव्हेंबरची. आमचा जिल्हा वाशीम. सोयाबीन घरात आलेलं, शेतात तूर उभी, आणि पोरं स्वेटर घालून शाळेत येऊ लागलेली. २७ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू होणार होती. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना ही लस द्यायची होती. म्हणून मी वर्गाची यादी करत बसलो होतो.

आमच्या चौथीत एक मुलगी होती. पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. पण दर पंधरा दिवसांनी सर्दी, खोकला आणि गैरहजेरी. तिचं नाव लिहिताना मी सहज बोलून गेलो, "तू काय बाई, कायमचीच आजारी! तुझ्यात प्रतिकारशक्ती नावालासुद्धा नाही."

वर्ग हसला. मीही हसलो. ती मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. आईवडील कामासाठी बाहेरगावी, घरात आजी-आजोबा. आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. खोलीत इतका धूर, की माझे डोळे चुरचुरू लागले.

"बसा गुरुजी," आजी म्हणाली. "पन हिचं नाव काटा तुमच्या यादीतून. तुमीच म्हनलं ना, पोरीच्या आंगात ताकदच नाई म्हनून? मंग थे सुई तिले कशी सोसन?"

मी काय बोलणार? माझं एक वाक्य फिरत फिरत घरी आलं होतं, आणि त्यापायी एक मूल लसीवाचून राहणार होतं. बरं, ते वाक्य खरं तरी होतं का? घरी येऊन मी पुस्तकं काढली, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. आणि कळलं, की ते साफ खोटं होतं. कसं, ते ऐका.

विषाणूला दार का लागतं?

विषाणू फार म्हणजे फारच लहान. फ्लूचे दहा हजार विषाणू एका ओळीत उभे केले, तर ती ओळ साधारण एक मिलिमीटर भरेल. तुमच्या पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर, बस्स!

हा विषाणू स्वतः जेवत नाही, वाढत नाही. बाहेर पडून राहिला तर त्याला एकाचे दोन होता येत नाही. त्यासाठी त्याला जिवंत पेशीच्या आत शिरावं लागतं. आत गेला, की तो पेशीचीच यंत्रं वापरून स्वतःच्या नकला काढून घेतो. म्हणजे सगळा खेळ दाराशी आहे. दारात अडला तर तो बिचारा. आत शिरला तर तो मालक!

दार उघडायला त्याच्या अंगावर काटे असतात. हे काटे प्रथिनांचे बनलेले. आपल्या पेशींच्या अंगावर काही ठरावीक कड्या असतात, त्यांत हा काटा नेमका अडकतो. तुरीच्या शेताच्या धुऱ्यावरून चालून आलात, की पायजम्याला गोखरू चिकटलेलं असतं ना? तसंच. आधी चिकटायचं, मग आत घुसायचं.

आता गोखरू चिकटू नये म्हणून काय कराल? एक उपाय म्हणजे त्याचे काटेच झाकून टाकायचे. तुमच्या शरीरालाही हीच युक्ती सुचलेली आहे, आणि तीही तुम्ही जन्मण्याआधीपासून!

गावाला वेस असते

आमच्या जिल्ह्यात कारंजा लाड हे जुनं व्यापारी गाव आहे. त्याच्या वेशींची नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. पूर्वी अशा वेशींवर रखवालदार असत. येणाऱ्या प्रत्येकाचं नावगाव त्यांना कुठून माहीत असणार? पण अपरात्री, तोंड झाकून, पाठीवर गाठोडं घेऊन कोणी आला, की ते हटकणार म्हणजे हटकणारच.

शरीराचंही तसंच आहे. एक प्रतिकारशक्ती शिकून येते. एखादा रोग होऊन गेला किंवा लस घेतली, की त्या विषाणूचा चेहरा ती लक्षात ठेवते. ती म्हणजे चोराचा फोटो खिशात घेऊन फिरणारे पोलीस. दुसरी प्रतिकारशक्ती जन्मजात. तिच्याजवळ फोटो नाही, पण चोराची चाल तिला ओळखू येते. ते हे वेशीवरचे रखवालदार.

पहिली वेस नाकात आणि श्वासनळीत. तिथे चिकट शेंबूड असतो. हसू नका, शेंबूड मोठ्या कामाचा आहे! विषाणू त्यात रुततो. श्वासनळीच्या आतल्या बाजूला केसांहून कितीतरी बारीक रोम असतात. ते लाटेसारखे हलून हा चिकट माल वर घशाकडे ढकलत राहतात. तो आपण खोकून टाकतो किंवा नकळत गिळून टाकतो, आणि पोटातल्या आम्लात बऱ्याच विषाणूंचा निकाल लागतो.

पण काही चुकार यातूनही सुटतात आणि खोल फुप्फुसाकडे निघतात. तिथे खरी गंमत आहे.

चार हातांचा पहारेकरी

फुप्फुसात हवेच्या इवल्या इवल्या पिशव्या असतात. त्यांच्या भिंतीतल्या काही पेशी एक प्रथिन तयार करून बाहेर सोडतात. त्याचं नाव 'सरफॅक्टंट प्रोटीन डी'. नाव अवघड वाटलं तर आपण त्याला नुसतं 'डी' म्हणू.

या डीचं रूप मोठं मजेशीर आहे. इंग्रजी एक्स अक्षरासारखे त्याला चार हात. प्रत्येक हात म्हणजे तीन धाग्यांचा पीळ, अगदी आपण शेतात वळतो त्या दोरखंडासारखा. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक पंजा. आता गणित करा. चार हात, प्रत्येकी तीन पंजे, एकूण किती? शाब्बास, बारा!

हे पंजे काय पकडतात? साखर! आपल्या चहातली नव्हे हं. पेशींच्या आणि विषाणूंच्या अंगावर निरनिराळ्या साखरेच्या लहान लहान साखळ्या लटकलेल्या असतात. आपल्या निरोगी पेशींवरच्या पुष्कळशा साखळ्यांची टोकं एका वेगळ्या साखरेने झाकलेली असतात, त्यामुळे डी त्यांच्या सहसा वाटेला जात नाही. पण फ्लूच्या काट्यांवर 'मॅनोज' नावाच्या साखरेच्या साखळ्या उघड्याच असतात. डीच्या पंजांना ही साखर बरोबर सापडते. पंजाची पकड बसायला कॅल्शियम लागतं, तेही तिथे असतं.

आणि ऐका, ही साखर विषाणूची स्वतःची नसतेच. आधीच्या पेशीत शिरला तेव्हा तिथल्याच कोठारातून ती त्याच्या अंगावर चढलेली असते. म्हणजे चोर पकडला जातो तो चोरीच्या मालावरूनच!

एका पंजाची पकड तशी ढिली असते. पण एकाच वेळी अनेक पंजे बसले, की सुटका कठीण. डी काट्यांवर बसला, की काटा पेशीच्या कडीपर्यंत पोचत नाही. शिवाय एका हाताने एक विषाणू, दुसऱ्याने दुसरा, असं करत तो विषाणूंची मोळीच बांधतो. मग ती मोळी रोम बाहेर ढकलतात, नाहीतर भक्षक पेशी गिळून टाकतात.

या डीवर आपल्या मुंबईतही काम झालं आहे. परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे. तिथल्या डॉ. तरुणा मदान आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी डीचा पंजाकडचा तुकडा घेतला, आणि करोना रुग्णांच्या नमुन्यांतल्या विषाणूंवर त्याचा प्रयोग केला. २०२१ साली त्यांनी जाहीर केलं, की हा तुकडा करोनाच्या काट्याला जाऊन चिकटतो आणि पेशींना होणारी लागण कमी करतो. हे काम प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर झालं. ते दुकानात मिळणारं औषध नव्हे. पण आपल्या फुप्फुसातल्या पहारेकऱ्याची ताकद त्यातून दिसली.

दाराच्या आतला भालदार

समजा, डीच्याही हातून एखादा निसटला. पेशीला चिकटला. पेशी त्याला एका बुडबुड्यात गुंडाळून आत ओढून घेते. संपलं का? नाही! अजून तो बुडबुड्यातच आहे, घरात नाही. देवडीवर आला म्हणा ना.

या बुडबुड्यात हळूहळू आंबटपणा वाढतो. त्याबरोबर फ्लूच्या विषाणूचा काटा वाकतो, विषाणूचं आवरण बुडबुड्याच्या भिंतीत मिसळतं आणि भगदाड पडतं. पण त्या भिंतीत एक प्रथिन बसलेलं असतं. त्याचं नाव आयएफआयटीएम-३. ते भिंत अशी काही ताठ करून टाकतं, की भगदाड पडतच नाही. विषाणू आतल्या आत कोंडला जातो आणि पेशी त्याला पचवून टाकते. फ्लू आणि डेंग्यूच्या विषाणूंना या कुळातली प्रथिनं अडवतात, हे २००९ साली शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं.

या भालदाराची संख्या वाढवायला कोण सांगतं? शेजारची पेशी! पेशीला विषाणूची चाहूल लागली, की ती 'इंटरफेरॉन' नावाचं प्रथिन बाहेर सोडते. ही म्हणजे गावातली दवंडी. "चोर आले हो, दारं लावून घ्या!" १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि झाँ लिंडेनमान या दोघांनी ही दवंडी शोधली. कशात? कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यात! उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू त्यांनी पडद्याच्या तुकड्यांबरोबर ठेवला. मग ते पाणी नव्या तुकड्यांना दिलं. त्या नव्या तुकड्यांत जिवंत विषाणूला वाढताच येईना. तापात अंग मोडून येतं, काही नको नको वाटतं ना? त्यात या दवंडीचाही वाटा असतो. तेव्हा अंग दुखणं म्हणजे तुमच्यात ताकद नाही असं नव्हे. उलट आत लढाई जोरात चालू आहे!

चोर शेरास सव्वाशेर

मग आपण आजारी पडतोच का? कारण चोरही शिकतो.

२००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली. ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा बळी गेला. भारतातला तो पहिला बळी. पुण्यातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढे प्रयोगशाळेत या विषाणूची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या काट्याच्या माथ्यावर साखर फारच कमी असल्याचं दिसलं. डीचे पंजे टेकायला जागाच नाही! पहारेकरी होता, पण हाताला काही लागेना.

गोवरचा विषाणू तर महापटाईत. प्रतिकारशक्ती न शिकलेल्या लोकांत गोवरचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. अशा चोरापुढे एकट्या रखवालदाराने किती टिकायचं? तिथे फोटोवाले पोलीसच हवेत. गोवरच्या लसीत दुबळा केलेला विषाणू असतो. त्याला पाहून शरीर प्रतिपिंडं बनवायला शिकतं. ही प्रतिपिंडंही काय करतात ठाऊक आहे? काट्यांवर बसतात आणि दार अडवतात! काम तेच, फक्त नेम अधिक पक्का.

म्हणजे बघा, रखवालदार असले म्हणून पोलीस नकोत असं नाही, आणि पोलीस हवेत म्हणून रखवालदार नाहीत असंही नाही. माझी चूक नेमकी इथेच झाली होती.

पुन्हा आजीकडे

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या घरी गेलो. खिशात चार गोखरू आणि थोडा कापूस. आजीच्या लुगड्याच्या पदराला एक गोखरू लावलं, चिकटलं. मग दुसऱ्यावर कापूस गुंडाळून लावलं, ते खाली पडलं. मुलगी खांबाआडून पाहत होती.

"आजी," मी म्हटलं, "हा कापूस हिच्या अंगात जन्मापासून आहे. तो नसता, तर रोजच्या श्वासातले एवढे विषाणू हिने झेलले असते का? चूक माझी झाली. लहान मुलांना वर्षातून सहा-आठदा सर्दी होणं नवलाचं नाही. सर्दीच्या विषाणूंचेच शंभरावर प्रकार आहेत."

"मंग हिलेच जास्त काऊन होते?" आजीने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

मी चुलीकडे बोट केलं. धुराने श्वासनळीतले रोम मंदावतात, वेशीवरचा झाडूच थांबतो. ती पोरगी रोज संध्याकाळी त्याच धुरात बसून अभ्यास करत होती. एवढ्यानेच तिला खोकला होतो असं मी छातीठोक सांगू शकत नव्हतो, पण धूर फायद्याचा नाही एवढं नक्की होतं.

आजी "पाहू" एवढंच म्हणाली.

लसीकरणाच्या दिवशी रांग संपत आली, तेव्हा शाळेच्या फाटकातून दोघी आल्या. मुलीने डोळे गच्च मिटून सुई घेतली. त्यानंतर मी वर्गापुढे उभं राहून सांगितलं, "हिच्यात प्रतिकारशक्ती नाही असं मी म्हणालो होतो. ते चूक होतं. सर चुकले." वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, मंग माह्या आंगात किती रखवालदार हायेत?" आणि सगळे हसले. या वेळी तीही हसली.

पुढच्या आठवड्यात आजोबांनी चुलीवरचे दोन कवेलू सरकवून धुराला वाट करून दिली. त्या हिवाळ्यातही ती खोकली. पण शाळेत येऊन खोकली, तोंडावर रुमाल धरून!

करून पाहा

पाच गोखरू, थोडा कापूस आणि एक लोकरी कापड घ्या. कापड भिंतीवर टांगा. दोन हातांवरून गोखरू एकेक करून फेका. किती चिकटले, लिहून ठेवा. आता प्रत्येक गोखरूवर कापसाचा पातळ थर गुंडाळा आणि पुन्हा फेका. किती चिकटले? मग पाचही गोखरू एकाच कापसाच्या बोळ्यात घोळवा. त्यांची मोळी झाली ना? डीसुद्धा हेच करतो. सूचना: गोखरू तोंडात घालू नका, त्याचं बी विषारी असतं. लहान भावंडांच्या केसांपासूनही ते दूर ठेवा.

पालकांसाठी दोन शब्द

'प्रतिकारशक्ती वाढवणारी' म्हणून बाजारात विकली जाणारी महागडी पावडर घेण्याआधी घरातला धूर बाहेर काढा, बिडी-सिगारेट घराबाहेर ठेवा, पोरांना पोटभर जेवण आणि झोप द्या, आणि लसीचं कार्ड एकदा काढून पाहा. मूल वारंवार आजारी पडत असेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण मुलाच्या देखत 'याच्यात ताकदच नाही' असं म्हणू नका. मुलं ते खरं मानतात. मी अनुभवाने सांगतो.

डोकं चालवा

डीला चार हात आहेत. समजा, त्याला एकच हात असता, तर तो विषाणूंची मोळी बांधू शकला असता का? घरातल्या एखाद्याशी वाद घालून उत्तर ठरवा. पुढच्या आठवड्यात आपण पाहू, जखमेवर खपली कशी धरते ते. तोवर खपली काढू नका हं!

तुमचे सर